बिशपांची आसनस्थापना: अधिकारपत्र, दार आणि माइक

पार्श्वभूमी

हे प्रकरण नव्या बिशपांना त्यांच्या आसनावर विधिपूर्वक बसवण्याचं, म्हणजे आसनस्थापनेचं. ते चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआयच्या महाराष्ट्रातल्या एका डायोसिसमधलं (एका बिशपांच्या देखरेखीखालच्या विभागातलं) आहे. गाव, वर्ष आणि माणसं ओळखू येतील असे तपशील वगळले आहेत.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन सीएनआय स्थापन झालं. अँग्लिकन चर्च हे त्या सहांपैकी एक. आज सीएनआय जागतिक अँग्लिकन परिवाराचं पूर्ण सदस्य आहे. बिशपपद, मेंढपाळाची काठी, कॅथेड्रलमधलं आसन हे सगळं अँग्लिकन परंपरेतून आलेलं. पण या डायोसिसमध्ये बाकांवर बसणाऱ्या निम्म्या लोकांचे आजोबा-पणजोबा ज्या मंडळ्यांत वाढले, तिथे बिशप हे पदच नव्हतं. पुढचे बरेच वाद समजून घ्यायला एवढं ध्यानात असलेलं बरं.

आधीचे बिशप निवृत्त होऊन सोळा महिने झाले होते. तोवर सिनॉडने (सीएनआयच्या सर्वोच्च सभेने) नेमलेले शेजारच्या डायोसिसचे बिशप कारभार पाहत होते. या काळात डायोसिसमध्ये दोन तट पडले. एक शाळेची जमीन भाड्याने देण्याच्या बाजूचा, दुसरा विरोधातला. नवे बिशप निवडले गेले ते बाहेरचे, हिंदी भाषक, कुठल्याच तटात नसलेले. दोन्ही तटांना ते थोडे परके होते आणि थोडे चालणारेही होते.

प्रश्न

तयारी समितीला पाच आठवडे मिळाले. दिवस जुलैतला एक शनिवार ठरला, कारण मॉडरेटर (सीएनआयचे प्रमुख बिशप) आणि बाहेरचे बिशप एकत्र यायला तेवढाच दिवस मोकळा होता. कॅथेड्रलमध्ये बाकांवर ३८० माणसं बसतात, आणि खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांसह येणारे होते अकराशे ते बाराशे. त्यात तीन आठवडे आधी कुणकुण लागली की विरोधी तटातले काही जण निवडणुकीवर हरकत घेऊन कोर्टात जाणार आहेत, किंवा भर उपासनेत उभं राहून बोलणार आहेत.

समितीने आधी पाऊस, मांडव आणि जेवणाचीच यादी केली. खरा प्रश्न पहिल्याच बैठकीत एका निवृत्त पाळकांनी मांडला: हा माणूस कुणाच्या अधिकाराने या आसनावर बसतोय, हे जमलेल्या प्रत्येकाला स्वतःच्या कानांनी ऐकू आलं पाहिजे. आसनस्थापनेतल्या बाकी सगळ्या गोष्टी या एका गोष्टीसाठी असतात.

दीक्षा वेगळी, आसनस्थापना वेगळी

या दोन विधींची गल्लत नेहमी होते. बिशपपदाची दीक्षा आयुष्यात एकदाच. निदान तीन बिशप डोक्यावर हात ठेवतात, प्रार्थना होते आणि तो माणूस बिशप होतो. आसनस्थापना मात्र डायोसिसशी जोडलेली असते. तेच बिशप उद्या दुसऱ्या डायोसिसला गेले तर तिथे ती पुन्हा होईल. लॅटिनमध्ये कॅथेड्रा म्हणजे आसन. ज्या चर्चमध्ये बिशपांचं आसन, ते कॅथेड्रल. इमारत लहान का मोठी, याला महत्त्व नाही.

समितीपुढे तीन पर्याय होते. पहिला, एकाच उपासनेत दोन्ही विधी. यात खर्च कमी, पण प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) धरून चार तास सहज जातात आणि शेवटी आसनस्थापना घाईत उरकली जाते. दुसरा, दीक्षा सिनॉडच्या ठिकाणी उरकून घ्यायची आणि इथे फक्त आसनस्थापना. ते सुटसुटीत झालं असतं, पण खेड्यातल्या माणसांना दीक्षा पाहायला मिळाली नसती. तिसरा, सकाळी साडेनऊला दीक्षा आणि प्रभुभोजन, मध्ये जेवण, दुपारी साडेतीनला आसनस्थापना.

तिसरा पर्याय निवडला. दुपारच्या उपासनेला सव्वा तासाची मर्यादा घातली, कारण दोन तालुक्यांकडे जाणारी शेवटची एसटी सव्वासहाला सुटत होती. हा निर्णय योग्य ठरला. दुपारच्या उपासनेत फक्त बिशपांच्या नेमणुकीचं अधिकारपत्र, शपथ, आसन आणि आशीर्वाद होता, त्यामुळे काय चाललंय ते लहान पोरांनाही कळत होतं.

शब्दाचा वाद

कार्यक्रमपत्रिकेच्या पहिल्या मसुद्यात ‘सिंहासनारोहण’ असं छापलं होतं. इंग्लंडमध्ये या विधीला जे जुनं नाव आहे त्याचा अर्थ तोच होतो, म्हणून कुणीतरी सरळ भाषांतर केलं. पण सिंहासन म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे रायगड उभा राहतो. बिशप-नसलेल्या परंपरेतल्या मंडळ्यांना तर पाय धुणाऱ्या प्रभूच्या सेवकाला सिंहासन हे पटेचना. ‘पदग्रहण’ सुचवलं गेलं. ते मंत्र्यांचं वाटलं. शिवाय ‘ग्रहण’ म्हणजे तो माणूस स्वतः घेतो. इथे त्याला दिलं जातं.

शेवटी ‘आसनस्थापना’ ठरलं. या एका शब्दावर दोन बैठका गेल्या, आणि त्या वाया गेल्या असं म्हणता येणार नाही. कोण बसवतं, कोण बसतं, हा पुढचा प्रश्न त्यातूनच नीट पुढे आला.

बसवणार कोण

मॉडरेटर आलेच आहेत तर त्यांनीच बसवावं, असं बहुतेकांचं मत होतं. काहींना निवृत्त बिशपांनी बसवावं असं वाटत होतं. तिसरा पर्याय होता कॅथेड्रलच्या प्रमुख पाळकांचा. अडचण अशी की हे पाळक एका तटाचे मानले जात.

समितीने इंग्लंडमधल्या कँटरबरीचा दाखला पाहिला. २१ मार्च २०१३ ला जस्टिन वेल्बी आर्चबिशप म्हणून तिथे आसनावर बसले, तेव्हा डायोसिसच्या आसनावर त्यांना बसवलं कँटरबरीच्या आर्चडीकन (डायोसिसच्या कारभारात बिशपांना मदत करणाऱ्या वरिष्ठ पाळक) शीला वॉटसन यांनी, आणि संत ऑगस्टीनच्या संगमरवरी आसनावर बसवलं कॅथेड्रलचे डीन, म्हणजे प्रमुख पाळक, रॉबर्ट विलिस यांनी. दोघंही तिथलेच, दोघंही पदाने आर्चबिशपांच्या खालचे. वरचा अधिकारी पाठवतो आणि घरचे लोक हात धरून बसवतात, असा त्यामागचा अर्थ आहे. मॉडरेटरांनीच बसवलं तर डायोसिसने स्वीकारलं हे दिसायचं कुठे?

मग असं ठरलं: मॉडरेटर अधिकारपत्र वाचून घेतील, काठी हातात देतील आणि दोन पावलं बाजूला होतील. उजवा हात कॅथेड्रलचे प्रमुख पाळक धरतील. डावा हात एका खेड्यातल्या मंडळीच्या महिला संघाच्या अध्यक्षा धरतील. पाळकांच्या नावाला विरोध झाला, तेव्हा सेक्रेटरींनी एवढंच विचारलं की त्या पदावर उद्या दुसरे पाळक असते तर हरकत असती का. पद पाहायचं, माणूस नाही, हे ठरल्यावर विरोध मावळला. इथे माणूस बदलून तडजोड केली असती तर प्रत्येक भूमिकेसाठी तसंच भांडण झालं असतं.

हरकतीची तयारी

इंग्लंडमध्ये कायद्याची बाजू आणि सोहळा वेगळे ठेवतात. वेल्बींच्या निवडीला कायदेशीर मान्यता ४ फेब्रुवारी २०१३ लाच लंडनच्या सेंट पॉल्समध्ये मिळाली होती. त्यामुळे मार्चच्या सोहळ्यात निवडीबद्दल प्रश्न उरला नव्हता. आपल्याकडे अशी वेगळी पायरी नसल्याने सगळा भार एका दिवसावर येतो.

म्हणून तीन गोष्टी केल्या. जिल्हा न्यायालयात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट दाखल केलं, म्हणजे डायोसिसचं म्हणणं ऐकल्याशिवाय एकतर्फी मनाई हुकूम मिळू नये. निवडणुकीच्या कागदांची फाइल वकिलांकडून तपासून घेतली. आणि कुणी उभं राहिलंच तर वाचायचं उत्तर आधीच लिहून ठेवलं.

हे तिसरं काम यॉर्कच्या उदाहरणावरून सुचलं. २६ जानेवारी २०१५ ला यॉर्क मिन्स्टरमध्ये लिबी लेन या इंग्लंडच्या चर्चच्या पहिल्या महिला बिशपांची दीक्षा चालू असताना एका पाळकाने हरकत घेतली. आर्चबिशप जॉन सेंटामू यांनी तयार ठेवलेलं उत्तर वाचलं, मंडळीला प्रश्न पुन्हा विचारला आणि विधी पुढे नेला. पोलीस बोलावून माणूस बाहेर काढण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी प्रतिष्ठेचा. आपल्या समितीचं उत्तर सहा ओळींचं होतं: हरकत ऐकली, निवड सिनॉडच्या घटनेप्रमाणे अमुक तारखेला झाली, तिची नोंद हातात आहे, ज्यांना दाद मागायची त्यांना मार्ग खुला आहे, उपासना पुढे चालू. मोठ्याने वाचून पाहिलं तेव्हा ४० सेकंद लागले.

शपथेची भाषा

मूळ शपथ इंग्रजीत. ती इंग्रजीतच घ्यावी आणि मराठी भाषांतर पत्रिकेत छापावं, हा सोपा मार्ग होता. तो नाकारला, कारण मांडवात बसलेल्या आज्यांना पत्रिका वाचता येणार नव्हती. बिशपांना देवनागरी येत होती. म्हणून शपथ मराठीतच ठेवली आणि सही करायच्या प्रतीवर दोन्ही भाषा.

पहिला मराठी मसुदा हिंदी प्रतीवरून झाला होता आणि त्यात ‘मंडळीला शिक्षा देईन’ असं वाक्य जसंच्या तसं उतरलं होतं. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत काय, ते सांगायला नको. ते ‘शिकवण देईन’ केलं. बिशपांचा सराव तीन संध्याकाळी फोनवर झाला. ‘मंडळी’तला ळ सुरुवातीला ल होत होता. ‘माझा’तला झ आणि ‘चालवीन’मधला च दंत्य उच्चारायचा, म्हणून त्या अक्षरांखाली पेन्सिलने रेघ मारून दिली. वाक्यं छोटी केली; एका श्वासात न मावणारं एकही वाक्य ठेवलं नाही.

मांडव, भाकर, सत्कार

मांडव ६० बाय ९० फुटांचा, वर पत्रा, खाली लाकडी फळ्या, ८०० खुर्च्या, एक पडदा. प्रभुभोजनाचा हिशेब आधी मांडला: वेदीच्या कठड्याशी एका वेळी १४ जण गुडघे टेकतात, उठून जाईपर्यंत चार मिनिटं. ९८० लोकांना सत्तर फेऱ्या, म्हणजे साडेचार तासांहून जास्त. म्हणून सहा जागा केल्या, प्रत्येकी दोन पाळक, लोक उभ्याने घेतील. कागदावर १७ मिनिटं येत होती, प्रत्यक्षात २७ लागली; मांडवातून पुढे यायची वाट एकच ठेवली होती आणि ती तुंबली.

सत्कारासाठी ४१ संस्था-मंडळांनी नावं दिली होती. शाल, श्रीफळ, हार धरून प्रत्येकी दोन मिनिटं म्हटलं तरी ८२ मिनिटं. उपासनेत एकही हार नाही असं ठरलं, आणि व्हरांड्यात वेगळं टेबल लावलं. हा नियम एका पाहुण्यांसाठी मोडला गेला. मग आणखी चार जण हार घेऊन पुढे आले.

त्या दिवशी दुपारी

साडेतीनला सगळे पाळक आणि पाहुणे बिशप आत जाऊन बसले. पश्चिमेचं दार बंद झालं. नवे बिशप बाहेर, पावसाची भुरभुर. काठीच्या टोकाने दारावर तीन ठोके मारायचे, आतून नववीतल्या एका मुलीने विचारायचं, “आपण कोण आहात? कशासाठी आलात?” त्यांनी उत्तर द्यायचं आणि दार उघडायचं. (कँटरबरीतही २०१३ ला हा प्रश्न एका शाळकरी मुलीनेच विचारला होता.)

काठी प्रवासासाठी तीन तुकड्यांची, आट्यांनी जोडायची होती. पहिला ठोका नीट बसला. दुसऱ्याला मधला जोड सैल झाला आणि वरचं पितळी वळण पाव फेरी फिरलं. तिसरा ठोका त्यांनी डाव्या हाताने जोड आवळून धरून मारला. ठोक्यांनी जोड सैल होतो हे आधी कळायला हवं होतं. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन वेढे दिले असते तरी भागलं असतं.

मुलीचा प्रश्न खणखणीत आला. “मी ख्रिस्ताचा सेवक आहे, तुमच्यासोबत प्रभूची सेवा करायला आलो आहे,” हे उत्तरही स्पष्ट मराठीत आलं. पण दार उघडेना. सागवानी दाराची जमिनीतली खिट्टी पावसाने फुगून बसली होती. ४० सेकंद आत खडखडाट चालला होता. मग दोन तरुणांनी पल्ला उचलून धरला आणि खिट्टी वर आली. शुक्रवारी तालीम झाली होती, पण साउंडवाल्याच्या वायरी उंबऱ्यावरून जात असल्याने दार तेव्हा उघडंच ठेवलं होतं. ज्या एका गोष्टीची तालीम करायची, तीच राहिली.

पुढे अधिकारपत्र. वाचायला उभे राहिलेल्या सेक्रेटरींच्या हातातल्या फाइलमध्ये मूळ प्रत नव्हती. ती सकाळच्या दीक्षेनंतर रजिस्टरबरोबर वेस्ट्रीत (पाळकांच्या झगे-कागदपत्रांच्या खोलीत) गेली होती. ती येईपर्यंत गायकमंडळाने एक गीत घेतलं. गीत आयत्या वेळी ठरलं, पण लोक मनापासून गायले आणि वेळ निभावून गेली. पत्र आधी इंग्रजीत आणि मग मराठीत वाचलं.

मराठी वाचन संपताच मांडवातून एक गृहस्थ उभे राहिले आणि निवड बेकायदा असल्याचं मोठ्याने म्हणाले. जवळच्या स्वयंसेवकाने ठरल्याप्रमाणे त्यांना अडवलं नाही. मॉडरेटरांनी पूर्ण ऐकून घेतलं, तयार उत्तर वाचलं आणि मंडळीला विचारलं, “तुम्ही यांना आपले बिशप म्हणून स्वीकारता का?” कॅथेड्रलमधून मोठ्याने उत्तर आलं, “होय, आम्ही स्वीकारतो.”

मांडवातून मात्र फारसं काही आलं नाही. कारण तिथे मॉडरेटरांचं उत्तर पोचलंच नव्हतं. कॅथेड्रलचा ध्वनिवर्धक जुना, मांडवाचा भाड्याचा. मांडवाला आवाज मिळत होता तो फक्त बिशपांच्या कॉलर माइकचा आणि वाचनाच्या मेजावरच्या माइकचा. मॉडरेटर बोलले ते वेदीजवळच्या माइकवरून. पडद्यावर ओठ हलताना दिसले. आठशे लोकांनी हरकत स्वच्छ ऐकली आणि उत्तराच्या जागी शांतता.

शपथ कॉलर माइकवरून झाली, ती सगळ्यांनी ऐकली. मग पाळकांनी उजवा हात धरला आणि महिला संघाच्या अध्यक्षांनी डावा. दोघांनी त्यांना सावकाश आसनावर बसवलं. अध्यक्षाबाईंच्या हाताला लग्नातल्यासारख्या हिरव्या बांगड्या होत्या, आणि बसवून झाल्यावर त्यांनी बिशपांच्या झग्याची दुमडलेली किनार हाताने सारखी केली. ते कुठल्याही पत्रिकेत नव्हतं. नंतर लोकांनी सर्वांत जास्त आठवण काढली ती याची. रजिस्टरवर सह्या झाल्या आणि पाच वाजून दहा मिनिटांनी आशीर्वाद झाला. एसटी चुकली नाही.

परिणाम

आसनस्थापना विधिवत आणि पूर्ण झाली, यात शंका नाही. मात्र त्याच रात्री व्हॉट्सअॅपवर “हरकतीला कुणाकडे उत्तर नव्हतं” असा संदेश फिरू लागला. मांडवात बसलेल्यांच्या दृष्टीने तो खोटा नव्हता; त्यांनी जे अनुभवलं तेच त्यात लिहिलं होतं. सोमवारी उत्तराची लेखी प्रत सगळ्या मंडळ्यांना गेली आणि पुढच्या रविवारी प्रत्येक चर्चमध्ये अधिकारपत्रासह मोठ्याने वाचली गेली. त्यानंतर कुजबुज बरीच कमी झाली. जे ४० सेकंदांत व्हायचं होतं त्याला आठ दिवस लागले.

दोन्ही तट आजही आहेत. पण हरकत घेणाऱ्या गृहस्थांना कुणी हात लावला नाही, हे त्यांच्याच तटातल्या लोकांनी नंतर कबूल केलं. नव्या बिशपांनी पहिल्या महिन्यात त्यांच्या मंडळीला भेट दिली.

वेगळं काय करता आलं असतं

आवाजाची तपासणी माइक चालतो की नाही एवढ्यावर थांबली. पत्रिकेतल्या प्रत्येक ओळीपुढे कोण, कुठे उभा, कोणता माइक आणि तो मांडवात पोचतो का, अशी चार रकान्यांची यादी केली असती तर वेदीजवळच्या माइकची गडबड पाच मिनिटांत सापडली असती. ज्या ओळी पत्रिकेत नाहीत त्यांनाही या यादीत जागा हवी. हरकतीचं उत्तर अशीच ओळ होती. तपासणाऱ्यांपैकी एकाने मांडवाच्या शेवटच्या खुर्चीवर बसून ऐकायचं.

अधिकारपत्राच्या तीन प्रती लागतात: मूळ प्रत मॉडरेटरांच्या हातात, दुसरी वाचनाच्या मेजावर आधीपासून, तिसरी मराठी, कॅथेड्रलच्या दाराशी लावलेली. सकाळी आणि दुपारी दोन विधी असतील तर मधल्या वेळात कागदांचा ताबा एका ठरावीक माणसाकडे राहिला पाहिजे आणि त्याने त्या वेळात जेवायलासुद्धा फाइल घेऊनच जावं.

दाराची तालीम दार बंद करून, खिट्टी लावून, पावसाळ्यात आदल्या दिवशी आणि त्याच दिवशी सकाळीही. खिट्टीला मेण चोळलं तर ती सरकते. तरीही अडलीच तर आत दोन जण पल्ला उचलायला उभे असावेत.

कॅव्हेटबद्दल एक गोष्ट राहून गेली. ते सोहळ्याच्या वीस दिवस आधी दाखल झालं होतं. त्याची मुदत ९० दिवसांची असते, म्हणजे सोहळ्यानंतर सत्तर दिवसांनी ते संपलं. तोवर सगळे आपापल्या कामाला लागले होते आणि ती तारीख कुणाच्याच वहीत लिहिलेली नव्हती. अकराव्या आठवड्यात दावा दाखल झाला आणि त्याची पहिली बातमी डायोसिसला कोर्टाच्या नोटिशीतून कळली.